फील्ड मार्शलच्या शेवया

पुण्यामुंबईच्या हॉटेलांतल्या मेनूकार्डावर ‘पॅड थाई’ हा पदार्थ आता चांगलाच रुळला आहे. तांदळाच्या चपट्या शेवया, चिंचगुळाचा आंबटगोड रस, अंडे, वरून भरडलेले शेंगदाणे आणि बशीच्या कडेला लिंबाची फोड. मुलानातवंडांच्या आग्रहाने तो घरच्या कढईतही येऊन पोचला आहे. थाई लोकांच्या तोंडी याचा उच्चार ‘फट थाई’ असा होतो. फट म्हणजे परतणे. तेव्हा पदार्थाच्या नावाचा अर्थ झाला, थाई पद्धतीने परतलेले.

आता जरा गंमत पाहा. आपण आपल्या घरात पिठल्याला कधी ‘मराठी पिठले’ म्हणतो का? घरच्या पदार्थाला घरात गावाचे नाव लागत नाही. ते परक्या गावी गेल्यावर लागते. मग बँकॉकच्या रस्त्यावर, थाई माणसाने थाई माणसासाठी परतलेल्या शेवयांना ‘थाई’ असे बजावून का म्हणावे लागले? अशी काही गोम दिसली की कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. मी तिचा माग काढत गेलो आणि एका लष्करी गृहस्थांपाशी येऊन थांबलो. फील्ड मार्शल प्लॅक फिबुनसोंगक्राम. दोन वेळा मिळून सुमारे पंधरा वर्षे ते थायलंडचे पंतप्रधान होते.

त्यांचा जन्म १४ जुलै १८९७ रोजी बँकॉकजवळच्या नोंथाबुरी प्रांतात झाला. घरची ड्युरियन फळांची बाग होती. मुलाचे कान डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली होते, म्हणून आईबापांनी त्याचे नाव ठेवले प्लॅक, म्हणजे विचित्र. आपल्याकडे नवसाच्या मुलाला दगडू, धोंडू म्हणत, त्यातलाच हा प्रकार वाटतो खरा, पण यात नवस नव्हता; दिसले ते सांगितले, एवढेच. फिबुनसोंगक्राम ही पुढे राजदरबाराकडून मिळालेली उपाधी. तिच्यातले संस्कृत मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल: विपुलसंग्राम. माणसाचे आयुष्य त्या उपाधीला जागले असेच म्हणावे लागते.

बाराव्या वर्षी मुलगा लष्करी शाळेत गेला, तोफखान्यात अधिकारी झाला आणि १९२४ साली तोफखान्याच्याच पुढील शिक्षणासाठी फ्रान्सला रवाना झाला. तिथे त्याची गाठ पडली कायदा शिकायला आलेल्या प्रिदी बनोम्योंग या हुशार तरुणाशी. फेब्रुवारी १९२७ मध्ये पॅरिसमधल्या एका भाड्याच्या जागेत सात सयामी तरुण जमले आणि मायदेशातली अनियंत्रित राजेशाही संपवायची, असा बेत त्यांनी केला. त्यात हे दोघेही होते. एक तोफा जाणणारा, दुसरा कायदा जाणणारा. पुढची तीस वर्षे सयामचे राजकारण या दोघांच्या मैत्रीभोवती, आणि नंतर वैराभोवती, फिरत राहिले.

२४ जून १९३२ रोजी पहाटे तो बेत तडीस गेला. राजा प्रजाधिपोक याने राज्यघटना मान्य केली. पुढच्याच वर्षी राजपुत्र बोवोरादेत यांच्या नेतृत्वाखाली प्रतिबंड झाले. ते मोडून काढण्यात फिबुन पुढे होते. १९३४ साली ते संरक्षणमंत्री झाले आणि डिसेंबर १९३८ मध्ये पंतप्रधान.

सत्तेच्या या पायऱ्या चढताना त्यांच्यावर तीन वेळा प्राणघातक हल्ले झाले. १९३५ साली फुटबॉलच्या मैदानावर त्यांना गोळी लागली. १९३८ च्या नोव्हेंबरात घरातल्याच नोकराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून वाचतात तो डिसेंबरात जेवणातून विष घातले गेले आणि इस्पितळात पोट धुऊन काढावे लागले. या साऱ्यानंतर विशेष न्यायालय बसले आणि अठरा जणांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यात खरे कटवाले किती आणि नुसतेच विरोधक किती, याबद्दल थायलंडात अजून वाद आहे. फिबुन यांचे चरित्र वाचताना ही अठरा माणसे विसरता येत नाहीत. पुढे शेवयांची गोष्ट कितीही मजेशीर वाटली तरी.

पंतप्रधान झाल्यावर त्यांनी देशाला नवे रूप द्यायचे मनावर घेतले. २४ जून १९३९ रोजी सयामचे नाव बदलून थायलंड केले. हा पहिला फतवा. १९४२ पर्यंत असे बारा फतवे निघाले. ध्वजाला मान कसा द्यावा, राष्ट्रगीताला उभे कसे राहावे, घराबाहेर पडताना काय नेसावे, हे सारे सरकारने ठरवले. थाई स्त्रीपुरुष पूर्वी आपल्या काष्ट्यासारखे, मागे खोचून वस्त्र नेसत. ते गावंढळ ठरले. बायकांनी स्कर्ट घालावा, पुरुषांनी पँट, आणि दोघांनीही डोक्यावर हॅट ठेवावी. पानसुपारीवर बंदी आली. घराघरातले पानाचे डबे लपवावे लागले, विडा खाऊन ज्यांचे आयुष्य गेले त्या म्हाताऱ्यांचे काय हाल झाले असतील ते आपल्या आज्यांना आठवून पाहावे. नवे वर्ष एप्रिलऐवजी १ जानेवारीला सुरू करायचे ठरले, त्यामुळे १९४० साली थाई पंचांगाचे वर्ष नऊ महिन्यांतच आटोपले! अकराव्या फतव्यात तर दिवसाचे तीन भाग पाडून दिले होते. कामाचे, घरचे आणि विश्रांतीचे. जेवण वेळेवर घ्यावे, चार वेळांहून जास्त खाऊ नये, सहा ते आठ तास झोपावे. आणि पाचव्या फतव्यात सांगितले होते की थाई माणसाने थाई भूमीत पिकलेल्या, बनलेल्या जिनसांचे अन्न खावे.

मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली. वरून येणारी परिपत्रके वाचणे, फाइलला लावणे आणि त्यांतली कोणती आपोआप विरून जातील याचा अंदाज बांधणे, हा नोकरीचा एक भागच होता. म्हणून हे फतवे वाचताना मला तिथल्या लहान गावच्या कारकुनाची मूर्ती डोळ्यापुढे येते. हॅट घातल्याखेरीज कचेरीत कोणाचे काम करायचे नाही, असा हुकूम. आणि समोर उभी चिखलातून चालत आलेली शेतकरीण. दोघांनी मिळून एकाच हॅटवर किती जणींची कामे उरकली असतील!

या नव्या थाईपणाची दुसरी बाजू अधिक कडू होती. बँकॉकमधला व्यापार मोठ्या प्रमाणावर चिनी लोकांच्या हाती होता. फिबुन सरकारने चिनी शाळा बंद केल्या, चिनी वर्तमानपत्रांना टाळे लावले, अनेक धंदे थाई नागरिकांसाठी राखून ठेवले. शाळा-कचेऱ्यांच्या आवारात खाण्याचे जिन्नस विकणारे फेरीवालेसुद्धा थाईच असावेत असा दंडक झाला. खुद्द फिबुन यांचे आजोबा चिनी वंशाचे होते असे सांगतात. माणूस आपल्याच घरातला एक कोपरा किती जोराने पुसू पाहतो, हे कादंबरीत लिहिले तर वाचक म्हणतील, फारच जुळवून आणले!

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा थायलंडात उतरल्या. काही तासांच्या लढाईनंतर फिबुन यांनी त्यांना वाट दिली, महिना संपण्याआधी जपानशी करार केला आणि २५ जानेवारी १९४२ रोजी ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. परदेशी व्यापार आटला. जपानी फौजेच्या खर्चासाठी थाई सरकारला बाट पुरवावे लागत. त्यासाठी नोटा छापल्या गेल्या आणि महागाई भडकली. त्यातच १९४२ च्या पावसाळ्याअखेरीस महापूर आला. बँकॉकच्या हमरस्त्यांवरून होड्या चालल्या, आसपासची भातशेती बुडाली.

अशा वेळी पंतप्रधानांनी जनतेला सांगितले की, शेवया खा! तांदळाच्या शेवया, ज्यांना तिकडे ‘कुएतिआव’ म्हणतात. त्या पौष्टिक आहेत, आंबट-गोड-खारट अशा सगळ्या चवी त्यांत येतात आणि त्यांना लागणारे सर्व काही देशातच पिकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. यामागचे एक कारण असे सांगतात की शेवया तांदळाच्या कणीपासून होतात. अख्खा तांदूळ वाचतो. आणि मग त्यांनी जो हिशेब मांडला, तो वाचून माझ्यातला बँकवाला खुर्चीत सावरून बसला. देशाची लोकसंख्या १ कोटी ८० लाख. प्रत्येकाने रोज एक वाटी शेवया खाल्ल्या, वाटीला ५ सतांग, तर रोज ९ कोटी सतांग, म्हणजे ९ लाख बाट बाजारात फिरतील. ते शेतकऱ्याकडे जातील, शेवयावाल्याकडे जातील, मोड विकणाऱ्याकडे जातील.

गुणाकार अचूक आहे. पैसा फिरता राहिला की चार घरी चूल पेटते, हेही खरे. पण कर्जाचे अर्ज तपासताना आम्हाला पहिली शिकवण असे की, आलेला रुपया कोठून आला ते विचारा. ज्याने पाच सतांग शेवयांवर घातले त्याने ते बहुधा दुसऱ्या कशातून तरी काढले. भाजीतून, रॉकेलमधून, पोराच्या पाटीपेन्सिलीतून. नऊ लाखांतले नवे किती आणि इकडचे तिकडे झालेले किती, हे हिशेबात नव्हते. तरीही हा विचार अगदीच भाबडा नव्हता. त्याच सुमारास, १० डिसेंबर १९४२ रोजी, बँक ऑफ थायलंड या मध्यवर्ती बँकेचे काम सुरू झाले. आपल्या देशाचा पैसा जपानी सल्लागारांच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. वरच्या मजल्यावर बँक आणि खाली रस्त्यावर शेवयांची गाडी, अशा दोन टोकांनी एक अडचणीत सापडलेले सरकार आपली तिजोरी सांभाळू पाहत होते.

आणि आता ती गोम. शेवया होत्या चिनी. कुएतिआव हा शब्दच चिनी, कढईत जाळावर परतण्याची रीत चिनी, टोफू आणि खारवलेला मुळाही त्यांच्याचकडचा. ज्या फेरीवाल्यांना हटवायचे होते, त्यांच्याच गाडीवरचा पदार्थ राष्ट्रीय करायचा होता! वाट निघाली ती चवीतून. सोया सॉसच्या जागी चिंच, नारळाचा किंवा ताडाचा गूळ, आणि ‘नाम प्ला’ म्हणजे लहान मासे मिठात मुरवून काढलेला अर्क. जोडीला सुके सोडे, मिरचीपूड, दाणे. चंद्रपुरी या अर्थाच्या चांथाबुरी गावच्या बारीक चिवट शेवया यासाठी उत्तम मानल्या गेल्या. नाव पडले कुएतिआव फट थाई. फिबुन यांनी शेवयांचा पुकारा केला, पण ही कृती कोणा एकाच्या नावावर नाही. ती पुष्कळ हातांनी, पुष्कळ कढयांत ठरत गेली.

चिंच आणि गूळ, वर दाण्याचे कूट: आपल्या आमटीचीच ही भावंडे. कोकणातल्या शिरवाळ्यांना तर तांदळाच्या शेवया नव्या नाहीत. म्हणून हा पदार्थ आपल्या घरी करणे कठीण नाही. दोन-तीन गोष्टी पाळल्या की झाले. कोरड्या शेवया उकळायच्या नाहीत. साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. बोटाभोवती वळतील पण मऊ पडणार नाहीत, इतपत. चिंचेचा दाट कोळ, गूळ आणि नाम प्ला सारख्या मापाने घेऊन गूळ विरघळेपर्यंत गरम करून ठेवावे. दोन माणसांना दीडशे ग्रॅम शेवया आणि यांतले प्रत्येकी दोन मोठे चमचे पुरतात. नाम प्ला चालत नसेल त्यांनी सोया सॉस घ्यावा. तो अर्थात पुन्हा चीनला परतण्याचा मार्ग आहे. लोखंडी कढई चांगली तापू द्यावी. लसूण, कांदा, सोडे किंवा कोलंबी, टोफूचे तुकडे परतावेत, शेवया घालाव्यात, रस ओतावा, त्या रस पितील तसे उलथन्याने सुट्या कराव्यात. मग त्या एका कडेला सारून मोकळ्या जागी अंडे फोडावे, ते जरा धरले की सगळे एकत्र करावे. मुगाचे लांब मोड आणि लसणीची पात शेवटी, गॅस बंद करता करता. एका वेळी दोनच बशा कराव्यात. सहा जणांचे एकदम कढईत घातले की परतणे राहते बाजूला आणि वाफेने लगदा होतो.

बँकॉकमध्ये बशी समोर आली की लगेच कोणी खायला लागत नाही. टेबलावर साखर, मिरचीपूड, दाण्याचे कूट, लिंबू असते. ज्याचा त्याने आपापला घास जुळवून घ्यायचा.

फिबुन यांना मात्र देशाचा घास जुळवता आला नाही. राजधानी बँकॉकहून डोंगराळ फेचाबूनला हलवायचा त्यांचा बेत लोकसभेने फेटाळला आणि जुलै १९४४ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. राजप्रतिनिधी झालेले त्यांचे जुने मित्र प्रिदी तोवर जपानविरोधी गुप्त चळवळीचे सूत्रधार बनले होते. युद्ध संपल्यावर फिबुन युद्धगुन्हेगार म्हणून तुरुंगात गेले, आणि कायदा मागील तारखेपासून लावता येत नाही या निर्णयावर १९४६ साली सुटले. १९४७ च्या लष्करी उठावानंतर प्रिदींना देश सोडावा लागला, आणि १९४८ साली फिबुन पुन्हा पंतप्रधान झाले.

या दुसऱ्या कारकिर्दीतला एक प्रसंग सिनेमात शोभावा असा आहे. २९ जून १९५१ रोजी अमेरिकेने दिलेले गाळ काढण्याचे जहाज स्वीकारण्याच्या समारंभात नौदलाच्या अधिकाऱ्यांनी भर गर्दीतून पंतप्रधानांना पळवले आणि ‘श्री अयुध्या’ या युद्धनौकेवर डांबले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वायुदलाने त्या नौकेवर बाँब टाकले. नौका बुडू लागली तेव्हा चोपन्नाव्या वर्षाला टेकलेले हे गृहस्थ नदीत उतरून पोहत काठाला लागले. पण सत्ता आता पोलिसप्रमुख आणि सेनापती यांच्या हाती वाटली गेली होती. फेब्रुवारी १९५७ च्या निवडणुकीत गैरप्रकारांचा बोभाटा झाला आणि १६ सप्टेंबरला सेनापती सरित यांनी उठाव केला. फिबुन मोटारीने सरहद्दीकडे निघाले, कंबोडियात गेले आणि तेथून पुढे जपानला.

यानंतर त्यांच्या आयुष्याची वाट भारतातून जाते. बुद्धाच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने नेहरू सरकारच्या निमंत्रणावरून बोधगयेला थाई विहार उभा राहिला, तो फिबुन यांच्याच कारकिर्दीत. १९६० साली, सत्ता गेलेली, देश सुटलेला, अशा अवस्थेत ते त्या विहारात आले आणि मुंडन करून त्यांनी काही काळासाठी भिक्षूची दीक्षा घेतली. थेरवादी भिक्षूला दुपारनंतर अन्न वर्ज्य असते, आणि पात्रात पडेल तेच खायचे असते. साऱ्या राष्ट्राला किती वेळा जेवावे आणि काय खावे हे सांगणारा माणूस बिहारच्या उन्हात पात्र पुढे करून बसला होता. त्यांच्या मनात काय चालले असेल? कादंबरीकार म्हणून मला तिथे शिरण्याचा मोह होतो. चरित्र सांगताना तो आवरलेला बरा.

११ जून १९६४ रोजी जपानमधल्या सागामिहारा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अस्थी मायदेशी आल्या आणि बँकॉकच्या बांगखेन भागात, त्यांच्याच कारकिर्दीत बांधलेल्या मंदिरात ठेवल्या गेल्या. मित्र आणि वैरी प्रिदी १९८३ साली पॅरिसला वारले, तेही परागंदा अवस्थेतच.

राज्यकर्त्यांनी लोकांच्या ताटाकडे पाहिल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले; आधी स्वतःच्या घरात चूल बंद ठेवली, मग देशाला हाक दिली, आणि आमच्या घरी वडीलमाणसांनी ती पुढे कैक वर्षे पाळली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो मी लहानपणी खाल्ली आहे. तिने जीव वाचवले, पण पाऊस पडल्यावर कोणी ती मागायला गेले नाही. गरजेचे अन्न गरज सरली की जाते. जिभेला पटले तेवढेच मागे राहते.

फिबुन यांच्या फतव्यांचे तसेच झाले. हॅटी गेल्या, सुधारलेली म्हणून लादलेली लिपी त्यांच्याबरोबरच १९४४ साली गेली. देशाचे नाव मध्ये काही वर्षे पुन्हा सयाम होऊन १९४९ पासून थायलंड झाले, ते टिकले. सकाळ-संध्याकाळचे ध्वजवंदन टिकले. १९३२ च्या क्रांतीची आठवण म्हणून बँकॉकच्या चौकात बसवलेली पितळी पाटी एप्रिल २०१७ मध्ये एकाएकी नाहीशी झाली. २०२० च्या सुमारास लष्करी ठाण्यांवरून फिबुन यांचे नाव उतरले, पुतळे हलवले गेले.

शेवया मात्र राहिल्या. बँकॉकच्या महाचाई रस्त्यावर १९६६ साली निघालेल्या थिप समाई या दुकानापुढे संध्याकाळी रांग लागते. चिनी पूर्वजांच्या कितीतरी कुटुंबांनी याच पदार्थावर आपले संसार चालवले, आणि आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. रांगेतला माणूस आत येतो, बशी पुढे ओढतो, चिमूटभर साखर, थोडी मिरचीपूड घालतो, लिंबू पिळतो. शेजारचा तेच खात असतो, पण त्याचे लिंबू थोडे जास्त असते.